नाव आपलं, ताबा कुणाचा?

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या व्हीएमसी शॉपला वेबसाईट हवीशी वाटते ती बहुतेक वेळा परचेसवाल्यांमुळे. चाकणच्या मोठ्या कंपनीत व्हेंडर म्हणून नोंदणी करायची, तर कंपनीच्या नावाचा ईमेल असलेला बरा दिसतो. मग ओळखीतला वेबसाईट करणारा मुलगा शोधतात. पंधरवड्यात साईट उभी राहते, मशीनचे फोटो चढतात, मालक खूश होतो. डोमेन कुणाच्या नावावर घेतलं, हे मात्र कुणीच विचारत नाही. ते त्या मुलाच्या खात्यावर, त्याच्याच ईमेलवर असतं. चाकणला जमीन घेताना सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते दहा वेळा पाहणारा माणूस इथे एकदाही पाहत नाही.

वेबसाईटच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. जिथून दरवर्षी पैसे भरून नाव घेतो तो रजिस्ट्रार. जिथे साईटच्या फायली राहतात ते होस्टिंग. आणि या दोघांच्या मधे नेमसर्व्हर. अमुक नावाची साईट कुठल्या सर्व्हरवर आहे, त्या नावाची मेल कुठे पोचवायची, याच्या नोंदी नेमसर्व्हरवर असतात. तिन्ही एकाच दुकानातून मिळतात, म्हणून ती एकच वस्तू वाटते.

इंटरनेटच्या आधीच्या काळात जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाईलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डीएनएस व्यवस्था मांडली. तिचं सूत्र असं, की सगळ्या नोंदी एका जागी ठेवायच्याच नाहीत. सर्वात वरचे रूट सर्व्हर फक्त ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ची नोंदणी कोण पाहतं ते सांगतात. ‘डॉट इन’ची नोंदणी भारतात निक्सी ही संस्था पाहते. तीही तुमच्या नावाचा नेमसर्व्हर कोणता, एवढंच सांगते. पुढचं सगळं तुमच्या नेमसर्व्हरवर. म्हणजे नोंद चुकली तर ती दुरुस्त करणारा वर कुणी बसलेला नाही. ती ज्याच्या खात्यात आहे, त्यालाच ती दुरुस्त करता येते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नेमसर्व्हर बदलताना. नवीन साईट करणारा सांगतो, ‘हे दोन नेमसर्व्हर टाका.’ टाकले, साईट छान दिसली. पण नेमसर्व्हर बदलला की सगळ्याच नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात. तिथे मेलची एमएक्स नोंद कुणी भरलेलीच नसते. साईट चालू आणि मेल बंद! पीओ पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते, शॉपमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. छोट्या युनिटला एक हुकलेली ऑर्डर किती महाग पडते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून शक्य असेल तर नेमसर्व्हरला हात लावू नये. साईट फक्त दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची असेल, तर ‘ए’ नोंद आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद बदलली की सहसा भागतं. नेमसर्व्हर बदलणं भागच असेल, तर जुन्या सगळ्या नोंदी आधी लिहून घ्या, नव्या जागी भरा, मगच बदला. ‘डॉट कॉम’च्या नेमसर्व्हरची माहिती जगभरचे सर्व्हर ४८ तासांपर्यंत जपून ठेवू शकतात. तेवढा वेळ काहींना जुनं उत्तर मिळेल, काहींना नवं. त्यामुळे जुनं होस्टिंग लगेच बंद करू नये. आपल्याकडे बऱ्याच शॉपना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी बदल करावा, महिनाअखेरीला मुळीच करू नये.

नोंदी लिहून घेताना टीएक्सटी प्रकारच्या नोंदी विसरू नका. एसपीएफ आणि डीकेआयएम त्यातच असतात; या डोमेनची मेल खरंच इथूनच निघाली का, हे समोरचा त्यावरून तपासतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या तपासणीचे नियम कडक केले आहेत. नोंद नसेल तर तुमचं कोटेशन स्पॅममध्ये जाऊ शकतं. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी खोटी मेल तुमच्या नावाने ग्राहकाला पाठवणंही सोपं होतं.

देवनागरीत ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळतं. मराठी ग्राहकासाठी ते जरूर घ्यावं. पण ऑर्डर काढणारा इंजिनिअर जर्मनीत बसला असेल, तर रोमन लिपीतलं नाव आधी हवं.

आणि नूतनीकरण. मुदत संपण्याच्या सूचना नोंदवलेल्या ईमेलवर जातात. तो मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, त्याने तो ईमेल सोडला, की सूचना वाचायला कुणी उरत नाही. ‘डॉट कॉम’ नाव मुदत संपल्यावरही काही काळ परत मिळू शकतं, पण शेवटच्या ३० दिवसांच्या टप्प्यात त्यासाठी बरेच जादा पैसे पडतात. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो.

तेव्हा उद्या सकाळी वेबसाईट करणाऱ्याला फोन करा. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, कोणत्या ईमेलवर आहे ते विचारा आणि ते तुमच्या स्वतःच्या खात्यावर करून मागा. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडलं की सूचनाही बंद. पासवर्ड आणि नोंदींची छापील प्रत जीएसटीच्या फाईलमध्ये लावा.