बटण दाबलं, मेल गेला… पण वाचला कोणी?

नांदेडहून एका श्रोत्याने विचारलंय: "'क्लिक करा, आमदाराला मेल पाठवा' अशा लिंक व्हॉट्सॲपवर येतात. त्याने खरंच काही होतं का?"

होतं. पण कधी, ते बघू.

एप्रिल २०१५. मी लातूरला सीईटीची तयारी करत होतो. तेव्हा 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, लोकांची मतं मागवली होती. मुद्दा असा, की नेटवर सगळ्या वेबसाइटना सारखीच वागणूक हवी की नको? कागद इंग्रजीत, ११८ पानांचा, प्रश्न २०. कोण वाचणार? 'सेव्ह द इंटरनेट'च्या स्वयंसेवकांनी वाचला, उत्तरं लिहून ठेवली आणि एक बटण दिलं. १० लाखांहून जास्त मेल गेले. त्यात एक माझा. खरं सांगतो, न वाचताच पाठवला होता.

डिसेंबरमध्ये ट्रायने पुन्हा मतं मागवली, या वेळी वेगवेगळ्या डेटा दरांवर. आता 'फ्री बेसिक्स'साठी फेसबुकनेही तसंच बटण दिलं. लाखो मेल गेले. पण त्यात नुसता पाठिंबा होता. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती, आणि ट्रायने तसं सुनावलंही. ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला: वेबसाइट बघून डेटाचे वेगळे दर लावायचे नाहीत.

बटण तेच, फरक मजकुराचा.

आता आमदारांकडे येऊ. जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीने सूचना मागवल्या. १२,५०० च्या आसपास आल्या. मसुद्यात बदल झाले, पण जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालंच. म्हणजे मेल मोजून कायदा ठरत नाही. मतदान सभागृहातच होतं. पण मसुदा समितीपुढे असतो, तेव्हा त्यातले शब्द बदलू शकतात.

म्हणून लिंक आली की तीन गोष्टी करा. शेवटची तारीख बघा. कोणत्या कलमाबद्दल बोलताय ते लिहा, आणि तयार मजकुरात आपल्या तालुक्यातल्या अनुभवाच्या दोन ओळी घाला. तिसरं, नाव जाहीर होऊ शकतं हे धरून चाला. २०१५ मध्ये ट्रायने मेल पाठवणाऱ्यांचे आयडी वेबसाइटवर टाकले होते.

आज तो मेल पाठवला असता तर मी एक ओळ जोडली असती: "आम्ही खोलीत चौघं, नेटपॅक एकाचाच." ती ओळ माझ्याशिवाय कोणी लिहू शकलं नसतं.

भेटू पुढच्या भागात!