साडेतीनशे टनांचा हिशोब

बोइंग ७७७-३००ईआर हे विमान जास्तीत जास्त ३५१.५ टन वजन घेऊन धावपट्टी सोडू शकते. आसनांसह रिकाम्या विमानाचेच वजन भरते सुमारे १६८ टन. उरलेल्या १८३ टनांत इंधन, माणसे, त्यांच्या बॅगा आणि व्यापारी माल हे सगळे बसवायचे. टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर, म्हणजे साधारण १४५ टन इंधन मावते. त्या काठोकाठ भरल्या, तर बाकी सगळ्यासाठी जेमतेम ३८ टन राहतात. उलट, सांगाड्याला झेपेल तेवढा सुमारे ७० टनांचा भार चढवला, तर इंधन ११३ टनांवर थांबवावे लागते आणि पल्ला आखडतो. त्यामुळे जाहिरातीतला १३,६०० किलोमीटरचा पल्ला आणि ७० टनांची क्षमता एकाच उड्डाणात कधीच हाती लागत नाहीत.

साडेतीनशे प्रवासी बॅगांसकट तोलले, तर ३५ टनांच्या आसपास जातात. मुंबई–लंडनसारख्या सव्वासात हजार किलोमीटरच्या प्रवासात त्यांच्या पायाखाली आणखी वीसेक टन माल सहज नेता येतो. या विमानाची खरी थोरवी मला इथेच दिसते. विमान प्रवाशांचे, पण त्याच्या पोटात ४४ कंटेनरांची जागा. २००७ साली अठरा वर्षांच्या खंडानंतर हापूस पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला. लासलगावला विकिरण झालेल्या त्या पेट्या विमानानेच गेल्या. नाशवंत मालाला जहाजाचे आठवडे परवडत नाहीत, आणि प्रत्येक बागाईतदार काही अख्खे मालवाहू विमान भरू शकत नाही. त्याच्यासाठी प्रवासी विमानाचे पोट हीच बाजारपेठेची वाट असते. फुलांसारख्या हलक्या मालाने मात्र वजनाची मर्यादा येण्याआधीच जागा संपते.

लांबच्या पल्ल्याला आणखी एक अडचण असते. शेवटच्या तासाला लागणारे इंधन आधीचे सगळे तास वाहून न्यावे लागते, आणि ते वाहण्यासाठीही इंधनच जळते. शिवाय उतरतानाची मर्यादा २५१ टनांची. पूर्ण भरलेले विमान उडाल्याबरोबर परतायची वेळ आली, तर सहसा शंभर टन इंधन हवेत सोडून द्यावे लागते. मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते, पंखांची उचल आणि इंजिनांचा जोर दोन्ही घटतात, आणि मग कधी कधी माल खाली ठेवून निघावे लागते.

एवढा भार फक्त दोन इंजिनांवर! ऐन उड्डाणाच्या क्षणी एक बंद पडले, तरी दुसऱ्याने एकट्याने विमान वर न्यायला हवे, असा नियम आहे. चार इंजिनांच्या विमानाचा अशा वेळी पाव जोर जातो, याचा निम्मा. म्हणून जीई९०-११५बी हे इंजिन एकटेच सुमारे ५२ टनांचा रेटा देते. त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर आहे, आणि आवरण जवळजवळ बोइंग ७३७च्या धडाइतके रुंद. दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून लांब नेण्याची मुभा टप्प्याटप्प्याने मिळाली. १९८५ साली बोइंग ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेले ते जवळच्या विमानतळापासून दोन तासांपर्यंत दूर राहण्याच्या परवानगीवर. १९९५ साली सेवेत आलेल्या पहिल्या ७७७ला सुरुवातीपासूनच तीन तास मिळाले. चार इंजिनांच्या विमानांची सद्दी तिथूनच उतरणीला लागली.

याच कुळातल्या ७७७-२००एलआरने नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँगहून पूर्वेच्या वाटेने लंडन गाठले: २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे. त्यात माणसे मोजकी होती, बहुतेक भार इंधनाचा. मालवाहू ७७७एफ दुसऱ्या टोकाला आहे. ते १०२ टन उचलते, पण त्या भारासह ९,२०० किलोमीटरच्या आसपासच जाते.

२०२० मध्ये पहिल्यांदा उडालेले ७७७-९ हे ७७७-३००ईआरपेक्षाही लांब आहे, तरी त्याच्या उड्डाणाच्या वजनाची मर्यादा तीच, साडेतीनशे टनांची. इंजिनांचा रेटा तर जुन्यांपेक्षा कमी. ती कसर भरून काढतात जवळजवळ ७२ मीटर पसरणारे पंख, ज्यांची टोके विमानतळावर मावण्यासाठी दुमडून घेता येतात.