पिंजऱ्यातली शेळी : काही समज आणि वस्तुस्थिती

पिंपरी-चिंचवडच्या मोशी, चिखली, चऱ्होलीत किंवा इंद्रायणी नदीपलीकडे चाकणच्या अंगाला असलेल्या वाड्यावस्त्यांवर बिबट्या दिसल्याची वार्ता फुटली, की दोन दिवसांच्या आत वनखात्याच्या कचेरीत गावकऱ्यांचा, आणि अलीकडे गृहसंकुलाच्या अध्यक्षांचाही, अर्ज दाखल होतो. त्या अर्जातील मागणी बहुधा ठरलेली असते : पिंजरा लावा, आत शेळी ठेवा, जनावर धरा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. या एका ओळीच्या मागणीत जितकी क्रियापदे आहेत जवळजवळ तितकेच गैरसमज आहेत, असे म्हटले तर अर्जदारांचा रोष ओढवेल हे मी जाणतो. रात्रपाळीहून दुचाकीवर परतणाऱ्या कामगाराची किंवा गोठ्याशेजारच्या पडवीत लेकरे घेऊन निजणाऱ्या माउलीची भीती खोटी नाही, हेही मला मान्य आहे. परंतु भीती खरी असली म्हणजे तिच्यावरचा इलाजही खरा असतोच असे नाही.

आमिष दाखवून जनावर जवळ आणण्याची विद्या आपल्याकडे पुरातन आहे. पाळीव तित्तर पिंजऱ्यात बोलते ठेवून रानातल्या तित्तरांना फाश्यात ओढणारे पारधी या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. आणि कोल्हापूर दरबारचे चित्तेवान चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडे चढवून त्याला बैलगाडीतून काळविटांच्या कळपापर्यंत नेत, तेव्हा शेताशिवारात रोज दिसणारी ती गाडी हाच त्यांचा बहाणा असे. सवयीची वस्तू पुढे करून जनावराची नजर भलतीकडे गुंतवावयाची, हे या विद्येचे मर्म होय. अमेरिकेत कोल्ह्याचा भाऊबंद शोभावा असा कायोटी नावाचा प्राणी आहे. जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल करून त्याला बोलावणारे तिथले शिकारी समोर हलते बाहुले मांडावे की न मांडावे यावर अद्याप वाद घालतात. उघड्या माळावर कायोटीची नजर बाहुल्यावर खिळते आणि शिकाऱ्याकडे त्याचे लक्ष जात नाही, हा बाहुल्याचा लाभ. परंतु जाणता कायोटी नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही, तर वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो, वास घेतो आणि निघून जातो. शिवाय एकदा त्या कपटातून निसटलेला पुन्हा त्या वाटेला जात नाही, हा तोटा. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट मात्र एकच आहे, आणि आपल्या विषयाचा सारा उलगडा तिच्यात आहे : आमिष हे जवळपास असलेल्या जनावराला चार पावले पुढे आणते, ते जनावर निवडीत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे परस्परविरोधी असे दोन समज एकदमच गळून पडतात. शेळी बांधली की बिबट्या येणारच, असे एक पक्ष म्हणतो. तर पिंजऱ्यातल्या शेळीमुळेच कुठकुठले बिबटे गावात ओढले जातात, असे दुसरा म्हणतो. शेळीचे ओरडणे रात्रीच्या शांततेत जिथवर पोहोचेल तिथवरच तिची सत्ता. त्या टापूतून बिबट्या जात नसेल तर पिंजरा आठवडेच्या आठवडे रिकामा राहतो; आणि जात असेल तर तो शेळीवाचूनही त्या वाटेने जातच होता. त्यातही बिबट्याच्या भोवताली शेळीखेरीज कोंबडी, कुत्रे, डुक्कर इतके काही सुलभ असते, की लोखंडाच्या खोक्यात शिरण्याची त्याला निकड नसते. पिंजऱ्याभोवती रात्री मोबाइलचे दिवे घेऊन जमणारी, चित्रफिती काढणारी आणि उद्या सकाळी 'पिंजरा कुचकामी' म्हणून तक्रार करणारी गर्दी ही तर पिंजरा रिकामा राहण्याची हमीच होय.

पिंजरा प्रत्यक्ष पाहिलेले लोक थोडे, त्यामुळे शेळीचा बळी देतात असाही एक समज आहे. वस्तुतः लोखंडी गजांच्या त्या लांबट पेटीचे दोन भाग असतात. मागच्या लहान कप्प्यात शेळी, तिच्यापुढे चारा आणि पाण्याचे भांडे. मध्ये गजांची किंवा जाळीची आडभिंत. आणि पुढच्या मोठ्या कप्प्याच्या तळाशी एक फळी, जिच्यावर पाय पडताच खटका सुटून वर अडकवलेला सरकता दरवाजा धाडकन खाली येतो. वरून उसाचे पाचट आणि झाडाचे डहाळे पसरून लोखंड झाकलेले असते. बिबट्या शेळीपर्यंत पोहोचतच नाही. भेदरून गेलेली असली तरी ती सकाळी जिवंत असते. इजा होते ती बहुधा बिबट्याला. कोंडला गेल्यावर तो गजांवर धडका घेतो, कपाळ फोडून घेतो, सुळे मोडून घेतो. आणि उजाडताच भोवती माणसांचा गराडा पडला की या धडपडीला अंत राहत नाही. सुळे मोडलेला बिबट्या चपळ सावज पूर्वीसारखे धरू शकत नाही, ही गोष्ट त्याला 'जंगलात सोडा' म्हणणाऱ्यांनी जरूर विचारात घ्यावी.

आता अर्जातले चौथे क्रियापद, 'सोडा'. या बाबतीत पुणे जिल्ह्याने स्वतःच्या अनुभवाने जगाला एक धडा दिलेला आहे, आणि तो आपल्याच लोकांच्या गावी नाही हे नवल. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, जुन्नर-आंबेगावच्या कोरड्या शिवारात ऊस उभा राहिला, आणि त्या उंच, दाट, पाणीदार पिकात बिबट्याची वीण होऊ लागली. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडण्याचा आणि त्यांतले काही दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा सुरू झाला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते २००३ या काळाची नोंद तपासून २०११ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : स्थलांतराच्या या मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाकाठी सरासरी चार हल्ले होत; मोहिमेनंतर त्यांत ३२५ टक्के वाढ झाली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. सरासरी चाळीस किलोमीटरांवर नेलेले हे बिबटे नव्या, अनोळखी आणि आधीच दुसऱ्या बिबट्यांनी व्यापलेल्या मुलखात सोडले जात होते. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत शेजारचा तरणाबांड बिबट्या येऊन बसत होता. म्हणजे खर्च एकदा, उपद्रव दोन ठिकाणी.

'सोडला तिथे राहील' ही कल्पना किती भाबडी आहे हे 'आजोबा' या बिबट्याने दाखवून दिले. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेल्या या प्रौढ नराला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा अडकवून माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून त्याने रात्री चालत, वाड्यावस्त्या, रेल्वेमार्ग आणि खाडी ओलांडीत सुमारे १२० किलोमीटरांवरचे मुंबईचे राष्ट्रीय उद्यान गाठले. आणि विशेष हे की या साऱ्या प्रवासात त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. पुढे याच बिबट्यावर २०१४ साली मराठी चित्रपट निघाला, तो पुष्कळांनी पाहिला आणि वाहवाही केली. अर्जातली मागणी मात्र तशीच राहिली.

पिंजऱ्यात सापडला तोच गुन्हेगार, हा समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. अशा वेळी 'पिंजरे लावू नका' असे म्हणण्याचे धाडस कोणी शहाणा करणार नाही, मीही करीत नाही. माणसावर चटावलेले जनावर हटवलेच पाहिजे आणि तेथे पिंजरा, गुंगीची बंदूक, प्रसंगी गोळी यांना पर्याय नाही. पण ते जनावर कोणते, हे शेळीला ठाऊक नसते. उसाच्या टापूत एकाच रात्री एकाच पाणंदीने नर, पिलांची आई आणि आईपासून नुकताच सुटा झालेला वर्षा-दीड वर्षाचा पोर असे तिघेही जाऊ शकतात. त्यांतला अननुभवी पोर पिंजऱ्यात शिरतो आणि मुरलेला नर बाहेरच राहतो, असे घडणे मुळीच अशक्य नाही. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सव्वाशे माणसे मारली, विषाला आणि लोखंडी सापळ्याला पुरून उरला, आणि अखेर जिम कॉर्बेटने गळ्यात घंटा बांधलेल्या बोकडाच्या साह्याने त्याला टिपले, ही कथा आमिषाच्या बाजूने सांगितली जाते. त्याआधी किती रात्री फुकट गेल्या ते सांगणारा विसरतो. म्हणूनच अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण, जी दोन बिबट्यांत कधी सारखी नसते, स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपून मगच धरपकड करावी हे इष्ट. कायद्याचाही रोख तोच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, आमिष लावणे ही 'शिकारी'च्या व्याख्येतच गणलेली कृती आहे, आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमावाचून, स्वसंरक्षणाचा प्रसंग सोडल्यास, बिबट्या धरण्याचा किंवा मारण्याचा अधिकार कोणालाही नाही. हौशी तरुणांनी स्वतःच कोंबडी बांधून बिबट्याची वाट पाहणे हा पराक्रम नव्हे, फौजदारी गुन्हा आहे.

बिबट्याला हुसकावण्यासाठीचे फटाके, रात्रभर लावलेला रेडिओ, शेतातले बुजगावणे यांविषयी एवढेच म्हणता येईल, की ते जोवर नवे असतात तोवर चालतात. सुंदरबनात १९८० च्या दशकात माणसाचे वापरलेले कपडे चढवलेले आणि विजेचा झटका देणारे पुतळे उभारले गेले, मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटे देण्यात आले, कारण वाघ पाठीमागून येतो. आरंभी गुण आला. पुढे वाघांना हे कपट उमगले, असे तिथली मंडळी सांगतात.

खरे आमिष आपण पिंजऱ्याबाहेर मांडून ठेवलेले आहे. जुन्नरपलीकडच्या अकोले तालुक्यात, जिथे मोठे वन्य तृणभक्षक जवळजवळ नाहीत अशा शेतीच्या मुलखात, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. आणि त्यांच्या विष्ठेच्या परीक्षणावरून खाद्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव व गावठी जनावरांचा, त्यातही ३९ टक्के एकट्या कुत्र्याचा निघाला. हे आकडे मोशीच्या संदर्भात वाचून पाहावेत. १९९७ साली महापालिकेत आलेल्या या गावात साऱ्या पिंपरी-चिंचवडचा कचरा सुमारे ८१ एकरांच्या डेपोत येऊन पडतो. २०२३ च्या ऑगस्टपासून तेथे कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प चालू आहे, हे खरे. परंतु डेपोच्या कडेला, मांसविक्रीच्या दुकानांमागे, मंगलकार्यालयांच्या उकिरड्यांवर आणि रिकाम्या भूखंडांवर टाकलेले अन्न कुत्र्यांची आणि डुकरांची जी वसाहत पोसते, ती इंद्रायणीकाठच्या उसातून आणि नदीकाठच्या झाडोऱ्यातून येणाऱ्या पाहुण्यासाठी बारमाही मांडलेले ताटच आहे. वनखात्याची शेळी काही आठवडे बसते; हे ताट कोणी उचलीत नाही. बिबट्या 'आपल्या हद्दीत घुसला' ही भाषा म्हणूनच मला फारशी पटत नाही. उसात जन्मलेल्या जनावराला हद्द कोणी आखून दिली? २१ मार्च २०२२ रोजी चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात पहाटे एक बिबट्या शिरला तेव्हाही आमिष कोणी लावले नव्हते. तेथे कामगारांना बाहेर काढून, काही तासांच्या खटपटीनंतर, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या पथकाने व वनकर्मचाऱ्यांनी त्याला गुंगी देऊन धरले, आणि कोणाला इजा झाली नाही. ते काम गर्दी दूर ठेवल्यामुळे साधले.

आमिषाचा एक प्रकार मात्र निखालस उपकारक आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. ऊसतोडीच्या दिवसांत कोयते फडाच्या मध्यावर पोहोचले की पाचटात मांजराएवढी पिले सापडतात. पूर्वी ती 'अनाथ' म्हणून उचलून नेत आणि मग पिसाळलेली आई आठवडाभर शिवारात फिरे. आता पशुवैद्य पिलांची तपासणी करतात, आणि दिवस मावळताना तीच पिले क्रेटमध्ये घालून, सापडली त्याच जागी, त्याच बांधाजवळ ठेवली जातात; जवळ कॅमेरा बसवतात आणि माणसे दूर जातात. अंधार पडल्यावर आई येते, क्रेट हुंगते, आडवा करते, एकेक पिलू मानेला धरून उचलते आणि निघून जाते. जुन्नर भागात अशा भेटी अनेकदा घडवून आणल्या गेल्या आहेत. येथे बोलावलेले जनावर नेमके तेच असते, कारण ती हाक दुसऱ्या कोणासाठी नसतेच.

तेव्हा पुढचा अर्ज लिहिण्यापूर्वी मोशीकरांनी एवढे करावे : शेळ्या-करडांच्या गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी बसवावी, कारण बिबट्या भिंतीवरून उतरतो, मुलांना तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेला एकटे पाठवू नये, शिळे अन्न आणि मांसाचा कचरा उघड्यावर टाकणाऱ्याला, तो शेजारी असला तरी, टोकावे, आणि अर्जाचा एक कागद महापालिकेच्या आरोग्य विभागालाही द्यावा. उसात पिले दिसली तर हात लावू नये. आणि बिबट्या प्रत्यक्ष दिसलाच, तर चित्रफीत काढीत न थांबता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.