तीस वर्षांपेक्षा तीन आठवडे भारी

पन्नाशीच्या आसपास जिना चढताना धाप लागली, की आपण ती बिनदिक्कत वयाच्या नावावर टाकतो. त्यातला वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हे अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मोजलं गेलं. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं यावरून दमसास मोजतात. तो एवढ्यात पाव हिश्श्याहून जास्त घटला. १९९६ मध्ये त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वजनं वाढलेली, अंगातली चरबी दुपटीवर गेलेली. तरी तीस वर्षांत दमसास जेवढा उतरला होता, तो त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमीच. मग सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल, असा व्यायाम बेताबेताने वाढवत आठवड्याला साडेचार तासांपर्यंत नेला आणि दमसास विशीतल्या मूळ पातळीवर आला. वजन मात्र थोडंच उतरलं. काट्याकडे बघून महिन्याभरात व्यायाम सोडणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पाच माणसांवरून जगाचा निवाडा करू नये, हे खरंच. पण २०१८ मध्ये डॅलसमधूनच त्याहून मोठा अभ्यास आला. त्यात ४५ ते ६४ वयाच्या, बैठ्या सवयीच्या लोकांनी दोन वर्षं नेटाने व्यायाम केला. त्यांचा दमसास वाढला आणि हृदयाच्या स्नायूचा ताठरपणाही कमी झाला. तुलनेसाठीचा दुसरा गट योगासनं, तोल सांभाळण्याचे आणि वजनांचे व्यायाम करत होता. त्यांच्या हृदयात असा बदल दिसला नाही. आसनं वाईट नाहीत, पण ती धाप लागेल अशा व्यायामाची जागा घेत नाहीत. घरकामाचंही तेच. दिवसभर पायाला भिंगरी असली, तरी श्वास वाढतोच असं नाही.

‘व्यायाम करतानाच झटका येतो’ ही भीती अगदीच पोकळ नाही. धोका असतो तो वर्षानुवर्षं बसून काढलेल्या माणसाने एकदम झेप घेण्यात. रक्तदाब, मधुमेह असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी सुरुवातीला बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत भरभर चालावं, आणि वेळ दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी.