जिन्यावरची सभा

गेल्या महिन्यात आमच्या रात्रशाळेचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल झाला. नव्या कार्यकारिणीतली नऊ नावं मी दोनदा वाचली. दोन सनदी लेखापाल, एक वकील, एक बांधकाम व्यावसायिक, बाकीचे कंपन्यांतले अधिकारी. रात्रशाळेत शिकलेलं माणूस त्यात एकही नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. मंडळावरचा आमचा फिटर, इथलाच माजी विद्यार्थी, प्रकृतीमुळे बाजूला झाला, आणि त्याच्या जागी दुसरा माजी विद्यार्थी शोधावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. हे मला फार लागलं.

रात्रीच्या शिक्षणाची वाट आपल्याकडे जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशींनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. आमची संस्था त्या मानाने लहान, साठच्या दशकात निघालेली. तिच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांची इतिवृत्तं मी चाळली आहेत. वर्गणी, खडू, वीजबिल; पुन्हा वर्गणी.

मी मंडळावर आलो १९८१ च्या दिवाळीत. बँकेत कारकून होतो, हिशेब येतो म्हणून मला घेतलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. आमच्याकडे शिकणारे बहुतेक बदली कामगार. कुणी कोकणात गेला, कुणी साताऱ्याकडे. उन्हाळ्यापर्यंत वर्ग ओस पडले. पुढे ते पुन्हा भरले, पण बाकावर बापाच्या जागी पोरगा बसलेला. कुणी हॉटेलात कपबशा विसळून यायचा, कुणी छापखान्यात बांधणीचं काम करून. दिवसाची शाळा सुटलेली मुलं ती.

सगळ्या खोल्यांत वर्ग असायचे, म्हणून मंडळाची सभा जिन्याच्या वळणावर भरायची. चिटणीस टपाल खात्यात सॉर्टर. खजिनदार गिरणीत जॉबर, स्वतः संपावर. घरात आज काय शिजणार याचा पत्ता नसताना रोजकीर्द एका पैचाही फरक न ठेवता लिहायचे. आणि आमच्या खानावळवाल्या मावशी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यातून उभ्या राहिलेल्या बायकांपैकी त्या एक. त्यांना सही करता यायची, तेवढीच.

एका सभेत नापासांचं प्रमाण या विषयावर आम्ही तासभर बोललो. गणिताचा शिक्षक बदलावा, असं आमचं ठरत आलं होतं. मावशी उठून नववीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, “मास्तरला कशाला बोल लावता? पोरं उपाशी हायत. तिसऱ्या तासाला माना टाकतात.” दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून एक डबा यायला लागला, चपात्या आणि लसणीची चटणी. संपवाल्यांची उधारी थकलेली असताना हा डबा येत होता. ठराव वगैरे काही झाला नाही. इतिवृत्तात या डब्याची एक ओळही नाही.

फिटर आमच्याच शाळेतून चौतिसाव्या वर्षी एसएससी झाला आणि १९८४ मध्ये मंडळावर आला. सभेआधी तो प्रत्येक वर्गाचे दिवे बघून यायचा.

१९८६ चा प्रसंग मी विसरलेलो नाही. एका विश्वस्तांनी प्रस्ताव आणला: गिरण्या संपल्या, रात्रशाळेचे दिवस संपले, खोल्या खासगी क्लासला भाड्याने द्याव्यात. खाली वर्ग चालू होते आणि वर हे बोलणं. पाच विरुद्ध चार मतांनी प्रस्ताव पडला. त्या पाचांत फिटर होता, मावशी होत्या. आकडे विश्वस्तांच्या बाजूचे होते, हे खरं. पण त्यांनी त्या वर्षी एकदाही वर्गात पाऊल ठेवलेलं नव्हतं, याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

नंतरची वर्षं अनुदानाच्या फायलींत गेली. मे २०१७ मध्ये सरकारने दिवसा आणि रात्री दोन्हीकडे शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांची सेवा एका निर्णयाने संपवली. आमचे अनुभवी शिक्षक त्यात गेले.

आता सभा रविवारी सकाळी, संगणकाच्या पडद्यावर होते. नव्या मंडळींचे हिशेब चोख असतात. आमच्या वेळी लेखापरीक्षक दरवर्षी शेरे मारायचे, हेही मी लपवत नाही. ही माणसं प्रामाणिक आहेत आणि पदरमोडही करतात. पण रविवारी शाळा बंद असते. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन ट्यूबलाइट तीन आठवडे बंद होत्या. दहावीची मुलं मोबाईलच्या उजेडात लिहीत होती. मंडळातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. मला कळलं ते शिपायाकडून.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी घटनादुरुस्ती मांडतो आहे: कार्यकारिणीत दोन जागा माजी विद्यार्थ्यांच्या, आणि महिन्याची सभा शाळेच्या दिवशी, साडेसहानंतर, शाळेतच. जे इथून शिकून गेले आणि अजून सभासद आहेत, त्यांनी त्या दिवशी यावं. सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदक हवा आहे.