जपानी गाडीचे ॲव्हरेज आणि पेट्रोल वाचवणारी यंत्रे

न्यूझीलंडच्या रस्त्यांवर जपानमधून वापरून आलेल्या गाड्या मोठ्या संख्येने धावतात. दोन्ही देशांत वाहतूक डावीकडून चालते आणि नव्या गाडीच्या मानाने ही गाडी खूप स्वस्त पडते. नव्याने स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबाची पहिली गाडी अनेकदा अशीच असते. चार टाक्या भरून झाल्या की लक्षात येते, कागदावरचे ॲव्हरेज काही मिळत नाही. मग नजर जाते ती पेट्रोल वाचवून देणाऱ्या यंत्रांकडे. इंधनाच्या नळीवर बसवायचे चुंबक, हवेच्या वाटेतला पंखा, पाण्यापासून हायड्रोजन काढणारा डबा, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा प्लग. त्यांवर पैसे घालण्याआधी गाडी जास्त पेट्रोल का पिते, हे शोधायला हवे.

पहिले कारण मोजणीत आहे. जपानची जुनी ‘१०-१५ मोड’ चाचणी ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जातच नव्हती. त्यानंतरच्या ‘जेसी०८’ चाचणीचा कमाल वेगही सुमारे ८२ होता. न्यूझीलंडच्या महामार्गावर गाडी १०० ने धावते, आणि ७० च्या तुलनेत तिथे हवेचा विरोध दुप्पट होतो. म्हणजे गाडी बिघडलेली नसते, आकडाच वेगळ्या रस्त्याचा असतो.

दुसरे कारण पेट्रोलच्या टाकीत आहे. जपानमध्ये साधे पेट्रोल साधारण ९० ऑक्टेनचे, तर ‘हाय-ऑक्टेन’ १०० च्या आसपास मिळते. हाय-ऑक्टेनसाठी घडवलेल्या इंजिनात न्यूझीलंडमधले साधे, ९१ ऑक्टेनचे पेट्रोल भरले, की नॉक सेन्सर ठोका पकडतो, संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद व ॲव्हरेज दोन्ही घटतात. गाडीला कोणते पेट्रोल हवे, हे बहुधा टाकीच्या झाकणाआड लिहिलेले असते, पण जपानी लिपीत.

या दोन्ही कारणांवर यंत्रांकडे उपाय नाही. ‘पेट्रोल पूर्ण जळते’ हा त्यांचा ठरलेला दावा. पण चांगल्या स्थितीतल्या आधुनिक इंजिनात जवळजवळ सगळे पेट्रोल आधीच जळते. ऊर्जेचा मोठा वाटा वाया जातो तो उष्णतेच्या रूपाने, सायलेन्सर आणि रेडिएटरमधून. पेट्रोलवर चुंबकाचा म्हणण्याजोगा परिणाम होत नाही. हायड्रोजनच्या डब्याला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो आणि अल्टरनेटरला इंजिनच फिरवते. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते, म्हणून हिशेब तोट्यातच जातो. शिवाय काही संचांत ऑक्सिजन सेन्सरला खोटा संदेश देणारे सर्किट असते. त्यामुळे इंधनाचे प्रमाण बिघडून इंजिन तापू शकते आणि महागडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही सापडले नाही. काहींमुळे इंजिनचे नुकसान किंवा प्रदूषणात वाढ होण्याचा धोका मात्र आढळला.

तरीही ‘मला फरक पडला’ असे लोक प्रामाणिकपणे सांगतात. पैसे मोजून यंत्र बसवले की पाय आपोआप हलका होतो, आणि हलक्या पायानेच पेट्रोल वाचते.

तो पैसा चांगल्या गॅरेजमध्ये खर्च करावा. ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट आणि चिकटणारे ब्रेक तपासून घ्यावेत. कंपनीने सांगितलेल्याच व्हिस्कॉसिटीचे इंजिन ऑइल घालावे. चाकांतली हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे ठेवावी. तिथला २३० किलोपास्कल म्हणजे सुमारे ३३ पीएसआय. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरची नोंद करावी आणि निदान चार-पाच टाक्यांची सरासरी काढावी. परक्या देशात कष्टाने जमवलेला पैसा गाडीवर घालायचाच, तर तो मोजून पाहता येईल अशाच कामावर घालावा.