गिरमिटियांचे गाणे आणि वर्ध्याचे नाते

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. सोनी रामाधीन, रोहन कन्हाय, शिवनारायण चंदरपॉल ही नावे ऐकली की हे लोक कोणा भारतीय मजुरांचे वंशज असावेत हेही ध्यानात येते. परंतु ते मजूर तिकडे कसे गेले, जाताना बरोबर काय घेऊन गेले आणि त्यातले आज काय उरले, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या गाण्यात सापडते. त्या उत्तराचा थोडा संबंध आपल्या वर्ध्याशीही आहे.

प्रथम इतिहास. इंग्रजी वसाहतींतील गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनासे झाले. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या कराराने माणसे नेण्यास आरंभ केला. 'ॲग्रीमेंट' ह्या शब्दाचे लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि त्या करारावर गेलेला माणूस 'गिरमिटिया' ठरला. ब्रिटिश गयानात पहिली जहाजे १८३८ साली लागली, त्रिनिदादला १८४५ च्या ३० मे रोजी, आणि डच सुरिनाममध्ये १८७३ च्या ५ जून रोजी. ही प्रथा १९१७ साली थांबेपर्यंत गयानात सुमारे २,३८,०००, त्रिनिदादमध्ये सुमारे १,४४,००० आणि सुरिनाममध्ये सुमारे ३४,००० माणसे गेली. बहुतेक जण संयुक्त प्रांत आणि बिहारमधले होते आणि कलकत्त्याहून जहाजात चढलेले होते. आपल्या कोकणातून मुंबई बंदरामार्गे जे गेले ते मॉरिशसला. तथापि ह्या प्रथेविरुद्ध १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला तो एका मराठी माणसाने, नामदार गोखल्यांनी.

ह्या लोकांच्या गाठोड्यात वाद्ये फारशी नव्हती. जी हवी होती ती त्यांनी तिकडेच घडवली. 'धनताल' हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बैलगाडीच्या कण्याच्या लोखंडाची लांब सळई आणि तिच्यावर आघात करायला घोड्याच्या नालेच्या आकाराचा तुकडा, एवढाच त्याचा सरंजाम. मळ्याच्या भंगारातून निघालेले हे वाद्य आज ढोलक आणि हार्मोनियम यांच्या जोडीने प्रत्येक मैफलीत वाजते. दुसरे वाद्य ताशा. तो तर आपल्या ओळखीचाच आहे. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे मढवायचे आणि वाजवण्यापूर्वी ते शेकोटीवर तापवून घ्यायचे, ही रीत सातासमुद्रापलीकडे टिकली. तिकडे मोहरमला 'होसे' म्हणतात. त्या मिरवणुकीत मुसलमानांबरोबर हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोकही ताशे वाजवीत चालत. १८८४ च्या ऑक्टोबरात सरकारने ह्या मिरवणुकांना सान फेर्नांदो शहरात येण्यास बंदी केली, लोक तरीही निघाले, आणि पोलिसांनी गोळ्या झाडून कित्येकांचे प्राण घेतले. मळेवाल्यांना त्या ढोलताशांची भीती वाटली, ती त्याच्यामागे एकत्र येणाऱ्या माणसांची होती. मजुरांना एरवी मळ्याबाहेर पडण्यासही परवाना लागे. वाजतगाजत एकत्र येण्याची संधी म्हणजे हा सण.

मिरवणुकीचे गाणे पुरुषांचे, तर घरातले गाणे बायकांचे. लग्नाच्या आदल्या दिवसांत स्त्रिया वेदीसाठी माती आणायला जात. ह्या विधीला 'माटीकोर' म्हणतात. तेथे पुरुष नसत, म्हणून सासू-नणंदांची थट्टा आणि नवरा-बायकोचे विनोद मनमोकळेपणाने गायले जात, नाचले जात. आपल्याकडील हळदीची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ह्याचा अंदाज यावा. ह्याच गाण्यांतून पुढे 'चटणी' नावाचा संगीतप्रकार वाढला. चटकदार आणि तिखट, म्हणून चटणी. १९७० साली त्रिनिदादच्या सुंदर पोपो ह्या तरुणाने हिंदी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ करून आजोबा-आजीवर गाणे म्हटले आणि ते घरोघर पोहोचले. त्याच साली 'मस्ताना बहार' ही दूरचित्रवाणीवरील स्पर्धा सुरू झाली. आतापर्यंत घरच्या ओसरीवर गाणाऱ्या मुलांना सबंध देशापुढे उभे राहण्याची वाट तिने करून दिली. १९८७-८८ च्या सुमारास द्रौपती रामगुनाई ह्या गायिकेने चटणीला आफ्रिकी वंशीयांच्या 'सोका' संगीताची जोड दिली, आणि १९९६ पासून 'चटणी सोका'ची मोठी स्पर्धा कार्निव्हलच्या दिवसांत भरू लागली.

ह्या कार्यक्रमांनी समाजाला काय दिले? एक म्हणजे काम दिले. ताशे घडवणारे, ढोलक मढवणारे, गवई, नाच शिकवणारे ह्यांची उपजीविका त्यांवर चालते. दुसरे, स्त्रीला व्यासपीठ दिले. ह्यावर मोठे वादळ उठले. माटीकोरातले नाचगाणे स्त्रियांनी चारचौघांत करावे हे अनेक धर्मधुरीणांना मानवले नाही. पुष्कळ गाण्यांत 'रम'चे गुणगान असते ही तक्रारही खोटी नाही. परंतु जे गाणे बायका आपसात गात होत्या तेच लोकांपुढे गाताच अश्लील कसे ठरते, ह्याचे समाधानकारक उत्तर टीकाकारांना देता आले नाही. तिसरी देणगी सर्वांत मोलाची. त्रिनिदाद आणि टोबॅगोत भारतीय वंशाचे लोक, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सुमारे ३५ टक्के आहेत. आपण येथले पाहुणे नसून मालकांपैकी एक आहोत, हे त्यांनी कार्निव्हलच्या मैदानावर गाऊन सांगितले.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्रिनिदादमध्ये भोजपुरी ही घरातली बोली आता राहिलेली नाही. अनेक गायक हिंदी शब्द पाठ करून म्हणतात. त्यांचा अर्थ गाणाऱ्याला ठाऊक नसतो आणि ऐकणाऱ्यालाही नसतो. सुरिनाममध्ये मजूर उशिरा गेले, आणि तेथे 'सरनामी' ही बोली अद्याप घरात बोलली जाते. तेथल्या 'बैठक गाना'तले शब्द म्हणून अजून बोलके आहेत. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास हजारो कुटुंबे हॉलंडला गेली, तेव्हा हेग शहरातही बैठक गाना पोहोचला. बोली नाहीशी झाली तरी चाल आणि ताल टिकतात. शब्द मात्र कोणी शिकवले तरच टिकतात.

शब्द शिकवण्याच्या ह्याच कामाशी वर्ध्याचा संबंध येतो. राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे १९३६ साली स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने १९७५ च्या जानेवारीत नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले आणि वर्ध्यात हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ असावे ही मागणी तेथे पुढे आली. ते विद्यापीठ महात्मा गांधींच्या नावाने १९९७ साली स्थापन झाले आणि स्थलांतरितांच्या अभ्यासाचा विभागही तेथे उघडला गेला. नागपूरला सुरू झालेली संमेलनांची ती परंपरा १९९६ साली त्रिनिदादला आणि २००३ साली सुरिनामच्या पारामारिबोला पोहोचली. संमेलनांत ठराव पुष्कळ होतात. परंतु चटणी गाणाऱ्या एखाद्या मुलीला आपल्या आजीच्या गाण्याचा अर्थ समजावून द्यायचा झाला, तर त्यासाठी शिक्षक, शब्दकोश आणि ध्वनिमुद्रणे लागतात, आणि अशी साधने सिद्ध करायला वर्ध्याइतके योग्य गाव क्वचितच असेल.

मॉरिशसच्या मराठी बांधवांनी ह्याचा धडा घालून दिला आहे. कोकणातला जाखडी नाच त्यांनी 'झाकरी' म्हणून जपला, पण तेवढ्यावर न थांबता शाळांतून मराठी शिकवण्याची सोयही करून घेतली. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

आणि आपण? आपल्या जिल्ह्यात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली वर्षागणिक कमी होत आहेत, आणि जात्यावरची ओवी जाते गेल्याबरोबर गेली. गिरमिटियांना समुद्राने तोडले होते. आपल्याला कोणी तोडलेले नाही. कोजागिरीला प्रत्येक गावाने भुलाबाईचा एक जाहीर कार्यक्रम करावा, म्हाताऱ्या बायकांना मानाने बोलवावे, मुलींना त्यांच्या शेजारी बसवावे आणि गाणे संपल्यावर त्यातल्या प्रत्येक अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारून लिहून ठेवावा. ह्या कामाला खर्च जवळजवळ नाही. ज्या आजीबाईंना ते अर्थ ठाऊक आहेत त्या आज हयात आहेत, म्हणून ते ह्याच वर्षी सुरू केले पाहिजे.